कोमट पाण्यातला बोय

दि. ३ फेब्रुवारी

चि. सौ. चिमी हिला दादाचे अनेक आशीर्वाद.

मी ठीक आहे. खोकला आहे, पण तो आता घरच्यासारखाच झालाय. सूनबाईला सातवा लागल्याचं लिहिलंस तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. जिना उतरताना तिला कठडा धरायला सांग. तुमचा तो जिना मला कधीच आवडला नाही.

बसच्या कंडक्टरबरोबर डबा पाठवतोय. दोन बोय मासे आहेत, मीठ चोळून ठेवलेत. सूनबाईला आग्रह करून वाढ. यंदा थंडीत धक्क्यावर बोय फिरकेना, म्हणून जागा बदलली. रंगाच्या कारखान्याचा पाइप समुद्रात सुटतो, तिथे पाणी कोमट असतं. रोज सकाळी तिथे पावाचा लगदा टाकत राहिलो. आधी नुसताच टाकायचा, गळ लावायचा नाही. हा मासा संशयी, थेट माझ्यासारखा. पाव हे आपलं रोजचं खाणं असं त्याला वाटू लागलं, की मग एका गोळीत गळ लपवायचा. ओठ असे नाजूक, की जोरात ओढलं तर ओठ फाटतो आणि मासा मोकळा होतो. मेहुण्यांना सांग, म्हातारा अजून कामाचा आहे.

डबा पोचल्याचं लगेच कळव. तोवर मला झोप नाही.

तुम्हा सगळ्यांच्या काळजीत असलेला,
दादा

दि. ६ फेब्रुवारी

ती. दादांस शिरसाष्टांग नमस्कार.

डबा पोचला. मासे फार छान होते. सूनबाईने मिटक्या मारत खाल्ले आणि ह्यांनी बोटंसुद्धा चाटली. आता काळजीचं दुकान जरा बंद ठेवा. जिना ती माझ्यापेक्षा बरा उतरते.

तुम्ही थंडीत पाण्याजवळ बसू नका. सांगून उपयोग नाही हे ठाऊक आहे, तरी बहीण आहे म्हणून लिहिते. तुमच्यासाठी मफलर विणायला घेतलाय. हा रंग म्हाताऱ्याला शोभणार नाही असं हे म्हणाले, म्हणून मुद्दाम तोच घेतला.

रिकामा डबा परत पाठवतेय. माया आहे तशीच राहू द्या.

आपली,
चिमी

दि. ९ फेब्रुवारी

चिमे,

मायना लिहीत बसत नाही. मासा उरला असेल तर खोल पुरून टाक. मांजरालाही घालू नकोस. सूनबाईला आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे ने आणि मग पुढचं वाच.

काल सकाळी पाइपाजवळ गेलो, तर पाण्यावर सगळी पांढरी पोटं. नगरपालिकेची माणसं नाकाला फडकी बांधून मासे उपसत होती आणि गाडीत भरून वर चुना टाकत होती. इथला मासा खाऊ नये अशी पाटी लागलीय. कोपऱ्यावरच्या खानावळीच्या आचाऱ्याने आदल्या आठवड्यात तिथलाच मासा खाल्ला होता. तो दवाखान्यात आहे, हातापायांना मुंग्या येतायत म्हणे. कारखान्याचा पहारेकरी म्हणतो पाण्यात काही नाही, मासे गरम पाण्याने मेले. मग इतके दिवस का नाही मेले असं मी विचारलं, तर त्याने फाटक लावून घेतलं.

मी स्वतः खाल्ला नाही. तिथे दोनच लागले होते, दोन्ही तुमच्याकडे धाडले. चार बुकं शिकलेला माणूस मी, पाणी कोमट का असतं एवढा विचारही माझ्या डोक्यात आला नाही.

तुमच्या खालच्या किराणावाल्यांकडे कालपासून फोन लावतोय. घंटा वाजते, पण कोणी उचलत नाही. भर दिवसा दुकान बंद कसं? माझ्या मनात काय काय येतंय ते कागदावर उतरवत नाही. सूनबाईने मिटक्या मारत खाल्ले असं तू लिहिलंस, ते वाचून त्या दिवशी मी शेजाऱ्यांनाही सांगून आलो होतो. आता तेच घशात अडकलंय.

पत्र कंडक्टरच्या हाती देतोय, उत्तर त्याच्याच हाती दे. एक ओळ लिही, पण खरी लिही.

दादा

दि. १० फेब्रुवारी

ती. दादा,

सूनबाई ठीक आहे. बाळ ठीक आहे. तुमच्या समाधानासाठी डॉक्टरांना दाखवूनही आले. हे पुन्हा एकदा वाचा आणि श्वास घ्या.

तिने मासा खाल्लाच नाही. आमच्यापैकी कोणीच खाल्ला नाही. ह्यांना बोयाचा चिखलट वास सोसत नाही, आणि सूनबाई तर डबा उघडला की खिडकीशी पळते. पहिल्यांदा तुम्ही पाठवलात तेव्हा तुमचं मन मोडवेना, म्हणून छान होता असं लिहिलं. मग तुम्ही पाठवत गेलात आणि मी तसंच लिहीत गेले. डबा दर वेळी खालच्या किराणावाल्यांकडे जातो. एकटा जीव, फार आवडीने खातात.

दादा, दुकान बंद आहे ते त्यामुळेच. तुम्हाला मागचं पत्र धाडलं त्याच संध्याकाळी ते गल्ल्यावरच कोसळले. आम्हाला वाटलं साधं पोट बिघडलंय. त्यांना दवाखान्यात ठेवलंय. तुमचं पत्र वाचलं, तशीच ते घेऊन तिथे गेले आणि डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, कसलं विष आहे ते कळल्याशिवाय नेमकं औषध देता येत नाही, अंदाजाने दिलेलं उलटूही शकतं. कारखाना दाद देत नाही. एखादा तुकडा उरलाय का असं त्यांनी विचारलं, पण किराणावाल्यांनी काही मागे ठेवलं नव्हतं.

त्यांना तिथलाच मासा हवाय, ताजा, चुन्यात पडलेला नको. उद्याच्या बसने जमेल का? माझ्यावर रागवायचं ते नंतर रागवा.

चिमी

दि. ११ फेब्रुवारी

चिमे,

डबा आधी दवाखान्यात पोचव. मासा बर्फात आहे. वर लाल चिंधी बांधलीय, म्हणजे कोणी चुकूनही खाणार नाही.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. आपल्या घरातलं कोणी नाही, असं मी मोठ्याने बोललोसुद्धा. मग ध्यानात आलं की आपल्या घरासाठी काढून ठेवलेलं ताट दुसऱ्याच माणसाने जेवलंय. त्याचा चेहराही मी कधी नीट पाहिला नाही. तुझ्यावर रागवायला सवडच झाली नाही.

उजाडताच पाइपापाशी गेलो. नगरपालिकेच्या माणसाने अडवलं. त्याला तुझं पत्र दाखवलं. त्याने ते वाचलं, परत दिलं आणि माझ्याकडे पाठ करून विडी पेटवली. पाइप आता बंद केलाय, पाणी गार पडलंय. पाव टाकला, पण काही हललं नाही. ओहोटी लागली होती आणि दुपारची बस गाठायची होती. उरलेले मासे खोल पाण्यात गेले असतील तर काय करायचं, हा एकच घोर. मग भिंतीलगत दोन-तीन सावल्या आल्या. रोज पाव घालून मीच त्यांना त्या जागेची सवय लावली होती.

गळाच्या दोरीवर तरंगणारं बूच थरथरलं आणि घाईत मी हिसका दिला. गळाला नुसती ओठाची साल आली. पावाची नवी गोळी लावून गळ पुन्हा टाकला. बराच वेळ काहीच होईना. मग बूच पुन्हा जरासं कलंडलं. ह्या खेपेला ओढलं नाही. जन्मभर जहाजांचे दोर ओढले मी, आज न ओढायलाच सगळी ताकद लागली. मासा जाईल तसा त्याच्या मागे भिंतीवरून चालत राहिलो, पायऱ्यांनी गुडघाभर पाण्यात उतरलो आणि हातजाळी हळूच खालून घातली. तो जाळीत आल्यावर मला रडू आलं.

किराणावाल्यांना मासा कोणाचा होता ते सांगून टाक. मी येऊन त्यांच्यासमोर उभा राहीन म्हणतोय, पण धीर होत नाही.

कंडक्टर हाका मारतोय.

दादा

दि. १६ फेब्रुवारी

ती. दादांस नमस्कार.

मासा वेळेत पोचला. तो तपासून विष कसलं ते कळलं, आणि त्याच संध्याकाळी नेमकं औषध सुरू झालं. काल किराणावाले उठून बसले. जिवावरचं टळलं. पायांत मात्र बळ नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, यायला महिने लागतील, आणि पूर्वीइतकं येईलच असं नाही.

मी त्यांना सगळं सांगितलं, माझं खोटंसुद्धा.  ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, तुमचे दादा सध्या काय करतात? मी म्हटलं, काही नाही, काळजी करतात. तर म्हणाले, त्यांना म्हणावं इकडे या आणि माझ्या दुकानात बसा, मला उभं राहता येईपर्यंत.

मला वाटलं थट्टा करतायत, म्हणून तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती.

दुकानाची किल्ली त्यांनी माझ्याकडे दिलीय. शनिवारच्या बसने निघा.

तुमच्या वाटेकडे डोळे लावून,
चिमी