अंतिम सामन्यातील माझा दुखरा पाय

सर,

मी आपल्या कॉलेजच्या अजिंक्यपद मिळवणाऱ्या फुटबॉल संघाचा कर्णधार, वाणिज्य शाखेचा पदवीधर, सध्या मालवणातील एका सहकारी संस्थेचा सचिव. वय छप्पन्न पूर्ण. तुम्ही जाऊन एकवीस वर्षे झाली. माझ्याविषयी तुम्ही भरसभेत काढलेले उद्गार चुकीच्या माहितीवर आधारलेले होते आणि ती माहिती मी पुरवली होती. तिची दुरुस्ती करणे, एवढाच या पत्राचा हेतू आहे.

साठच्या दशकातला तो हिवाळा मला आजही दिवसागणिक सांगता येईल. कॉलेजला मैदान नव्हते. ओहोटीला उघडी पडणारी घट्ट ओली वाळू हेच आपले मैदान, त्यामुळे सरावाची वेळ घड्याळावर नव्हे, तिथीवर ठरे. वर्गात शुद्ध मराठीत इंग्रजी कविता समजावणारे तुम्ही किनाऱ्यावर पाय ठेवताच मालवणीत शिरायचात. मी चेंडू उंच मारला की लांबूनच ओरडायचात, ‘‘बॉल जमनीवर ठेव रे! वर वारो आसा, तो कोणाच्याच टीमचो नाय.’’ आपला उजवा विंगर रापणकाराचा, म्हणजे किनाऱ्यावरून दोरीने मोठे जाळे ओढून मासे पकडणाऱ्याचा मुलगा. समुद्रात जाळे पडलेले असताना त्याला दोरी सोडता येत नसे, म्हणून दुसरा खेळाडू घ्यावा, असे मी सुचवले. तुम्ही सगळ्या संघाला त्या दोरीपाशी नेऊन उभे केलेत. ‘‘ह्याच्या बापाशीक जाळा ओढूक माणसा नायत, म्हणान आपणाक विंगर नाय. धर दोरी, कप्तान.’’ टाचा वाळूत रुतवून, एकेक पाऊल मागे टाकत आम्ही रोज रापण ओढली. त्या मोसमात आम्हाला धक्का देऊन चेंडू काढून घेणे घाटावरच्या कुठल्याही संघाला साधले नाही. आमच्या पायांत काय भरले होते, ते त्यांना ठाऊक नव्हते.

अंतिम सामना. एक-एक बरोबरी, शेवटची काही मिनिटे उरलेली, आणि आपल्याला पेनल्टी मिळते. पेनल्टी कर्णधाराने मारायची, हे ठरलेले. सगळे माझ्याकडे बघत आहेत. गोल मला दिसतो आहे आणि त्याहून स्पष्ट दिसते आहे ते चेंडू बाहेर जाणे. मी पोटरी धरून खाली बसतो आणि तुम्हाला ओरडून सांगतो, ‘‘सर, पायात गोळो इलो!’’ विंगर माझ्याकडे क्षणभर बघतो. ‘‘रव तू थंयच. मी मारतंय,’’ म्हणतो आणि मारतो. चेंडू जाळ्यात गेल्यावर त्याला मिठी मारायला सर्वांत आधी पोहोचलो तो मीच, अर्धे मैदान धावून. तो हसत माझ्या कानाशी म्हणाला, ‘‘गोळो गेलो काय रे, कप्तान?’’

सत्कारसभेत तुम्ही म्हणालात, ‘‘दुखरा पाय लपवून मानासाठी पुढे सरसावणारे पुष्कळ असतात. आपल्या कर्णधाराने खरे सांगितले, म्हणून हा चषक इथे आहे.’’ टाळ्या वाजल्या. विंगरनेही वाजवल्या. सभेनंतर तुम्ही मला घरी नेलेत. बाईंनी, तुमच्या पत्नीने, चुलीवर खोबरेल कोमट करून मला पाटावर बसवले आणि माझा धडधाकट पाय मांडीवर घेतला. ‘‘खंय दुखता रे झिला? हंय?’’ मी म्हणालो, ‘‘थोडा वर.’’ त्यांनी थोडे वर चोळले. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून बघत होता. पुढे बाजारात, बंदरावर, चर्चच्या पायऱ्यांवर जेव्हा जेव्हा भेट झाली तेव्हा तुम्ही आधी विचारलेत, ‘‘पाय कसो आसा?’’ मी दर वेळी ‘‘बरो आसा, सर’’ म्हणालो. ती चौकशी होती की मला दिलेली संधी, याचा निर्णय मी अद्याप करू शकलेलो नाही. मी धावलो, ते तुम्ही पाहिले होते.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही, म्हणूनच ते लिहिता आले, हे मी जाणतो. तरीही हे तिसरे लेखन आहे. आधीच्या दोन्ही खर्ड्यांत मी ‘पाय थोडा दुखत होता’ असे लिहिले होते. तो दुखत नव्हता, सर. मुळीच नव्हता.

तुमचा विद्यार्थी,
कर्णधार
मालवण, रविवार