जास्तीचा मणी

मेलबर्न, १७ जून २०१९

प्रिय वेसना,

वीस वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट बाजूला सारलं असशील, तर रागावणार नाही. तिकडे बर्नी गावात थंडी कशी आहे? इथे बोटं आखडतात. लिंबाला यंदा इतकी लिंबं लागली आहेत, की मला पिशवी घेऊन येताना पाहिलं की शेजारीण रस्ता ओलांडते. मी शुक्रवारी निवृत्त होते आहे.

जाण्याआधी एक काम धड करावं म्हटलं, तर तीन महिने नुसती डोकेफोड! आपलंच जुनं केमोकाइन, पांढऱ्या पेशींना हाक मारून जखमेकडे नेणारं प्रथिन. जाळीच्या एका बाजूला पेशी, दुसऱ्या बाजूला प्रथिन, अगदी तू मांडायचीस तसं. पेशी ढिम्म. पोषणद्रव बदललं, उबवणपेटी बदलली, पाणीसुद्धा बदललं. पेशी वाढवणाऱ्या रुथला इतकं टाकून बोलले, की ती दोन दिवस माझ्या वाऱ्याला उभी राहिली नाही.

शेवटी आमची प्रमुख लान म्हणाली, "पेशींना शिव्या देऊन झाल्या असतील, तर तुझ्या लाडक्या प्रथिनाचं वजन कर बाई."

"चाळीस वर्षं प्रथिनं बनवतेय मी, लान."

"म्हणून तर! स्वयंपाकीण स्वतःची आमटी चाखत नाही."

केलं वजन. हवं त्यापेक्षा एकशे एकतीस डाल्टन जास्त.

म्हणजे एक मेथिओनिन, प्रथिनाच्या साखळीतला एक मणी. ज्याच्याकडून आपण प्रथिन बनवून घेतो तो जिवाणू प्रत्येक साखळीची सुरुवात त्या मण्याने करतो आणि बहुतेकदा स्वतःच तो काढून टाकतो. इथे राहिला. तुला सांगायला नको, पण लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही: प्रथिनाचं अंग पेशीच्या दाराला टेकतं, आणि सुरुवातीच्या टोकाची सैल शेपटी आतल्या खोबणीत शिरते. अंग टेकलं की प्रथिन चिकटतं. पण शेपटी नीट बसल्याशिवाय पेशी पाऊल उचलत नाही. शेपटीच्या टोकाला एक मणी जास्त असला, तर प्रथिन दार अडवून बसतं आणि हाक काही मारत नाही.

शाळेत सिस्टर इग्नेशियाच्या वर्गातली तुझी जपमाळ आठवते? दुरुस्त करून आणलेली, एक मणी जास्त. तू उभी राहून विचारलंस, "एक प्रार्थना जास्त झाली तर देव रागावतो का, सिस्टर?" सगळा वर्ग हसला. तुला तासभर बाहेर उभं केलं. खिडकीतून तू मला जीभ काढून दाखवत होतीस. किती वेळा आठवतं मला ते!

सामान आवरताना तुझी नव्व्याण्णव सालची वही सापडली. नाही, हे खोडते. सापडली नाही. ती कुठे आहे हे मला कायम माहीत होतं, आणि तिच्यात दुमडून ठेवलेला वजनाचा कागदही. त्यावरही एकशे एकतीस जास्तच आहे.

तेव्हा तू सांगत होतीस, "कार्मेल, चिकटतंय, पण बोलावत नाही. हाच शोध आहे गं!" मी साहेबांना सांगितलं, वेसनाच्या पेशी आजारी आहेत. चार दिवसांनी वजनाचा कागद हातात आला. तुझ्या नोकरीचा निर्णय अजून व्हायचा होता. वेसना, खरं सांगायला माझ्याकडे पूर्ण एक आठवडा होता.

नोकरी न मिळून तू गेल्यावर मी साखळी दुरुस्त केली, पेशी धावल्या, शोधनिबंध माझ्या नावाने निघाला. त्यात एक ओळ आहे: "आधीच्या अपयशाचं कारण अशक्त पेशी." यंदा तीन महिने मी वजन करायचं का टाळलं, ते आता तुला कळलं असेल.

सकाळी रुथची माफी मागितली. ती म्हणाली, "बरं झालं बाई, मी तर पेशींची दृष्ट काढणार होते." दुपारी नियतकालिकाला दुरुस्तीचं पत्र पाठवलं. त्या खोट्या ओळीच्या जागी तुझ्या वहीतलं निरीक्षण दिलं आहे, तुझ्या नावाने, तुझ्या तारखेसह. मूळ कागद लानच्या हवाली केला. तिने तो वाचून फाइलमध्ये लावला. मग म्हणाली, "शुक्रवारचा निरोपाचा केक मी रद्द करते." मी हो म्हटलं.

कागदाची प्रत सोबत आहे. उत्तराची वाट पाहण्याचा हक्क मला नाही, पण हे एक वाक्य माझ्या हातचं तुझ्यापाशी असावं.

तुझ्या पेशी ठणठणीत होत्या.

कार्मेल