नातीचं गणित आणि तुझी बोडी

बा, ह्या वर्षी माझ्या नातीनं मला रोज दुपारी बसवून कॉलेजचं गणित सांगितलं, आणि त्यात मला तू दिसलास. हसू नको. मी तिसरी शिकलेली, हे तुझ्याहून कोणाला जास्त माहीत? सही करता येते, बसवरची पाटी वाचता येते, आणि लिहायला बसले की शाळेतल्या बाईंची भाषा आपोआप हातात येते. बोलताना मात्र मी अजून तुझ्यासारखीच बोलते. हे मी नातीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहीत आहे. पुढच्या पानांवर तिचं गणित आहे. त्यात आकडे थोडे आणि वाकड्या खुणाच फार. आमच्या वेळी गणित म्हणजे पाढे. हिला मी विचारलं, पाढे कुठं आहेत गं ह्यात, तर म्हणाली, आजी, पाढे मागंच राहिले, आता आम्ही डोंगर आणि पाणी मोजतो. मला वाटलं थट्टा करते. पण बा, खरंच डोंगर आणि पाणीच आहे त्यात.

ही नात म्हणजे माझ्या मुलाची मुलगी. मुलगा तुला आठवेल, तू त्याला डोंग्यात पुढं बसवून बोडीभर फिरवायचास. आता तोच बोडीच्या त्या लहानशा तळ्यात जाळं टाकतो, आणि गावातल्या बाकीच्यांसोबत मोठ्या तलावावरही जातो. पोरगी एकोडीहून बसनं तालुक्याच्या कॉलेजात जाते, बी.एस्सी.ला. मागच्या उन्हाळ्यात तिनं बाकी सगळे पेपर काढले आणि एकात नापास झाली. त्या विषयाचं नाव मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस. नुसतं नाव तोंडात बसायला मला आठ दिवस लागले. निकाल आला तेव्हा ती रडली नाही. तिनं पुस्तकं उचलून तांदळाच्या कोठीवर ठेवली आणि माझ्याजवळ येऊन मासे साफ करायला बसली. जी खवल्यांचा वास लागला की दोनदा हात धुवायची, ती मुकाट्यानं बसली, तेव्हा मी घाबरले. रडली असती तर बरं वाटलं असतं. मुलगा म्हणाला, एवढं डोक्यावरून जात असेल तर कायले धरून बसायचं, नागपूरला मामा आहे, नर्सिंगला घालू. तो काही वाईट बोलला नाही. नर्सिंग चांगलंच आहे. पण पोरीला पुढं गणितातच एम.एस्सी. करायचं होतं, आणि ते तिनं फक्त मला सांगितलं होतं. हिवाळ्यात तो पेपर पुन्हा देता येत होता. त्याचा फॉर्म भरायचा की नाही, एवढ्यावर सगळं अडलं होतं.

मग मी काय केलं? शिंगाडे निघायला लागले होते. मी दुपारी उकडलेले शिंगाडे सोलायला अंगणात बसायची. एक दिवस तिला म्हटलं, पुस्तक आण आणि मले सांग त्यात काय आहे ते, माझे हात कामात आहेत, कान रिकामे आहेत. ती म्हणाली, आजी, तुले काय समजणार? मी म्हटलं, तुले तरी कुठं समजलं, समजलं असतं तर नापास झाली असती का. हे जरा लागलं तिला. उठली आणि कोठीवरून पुस्तक घेऊन आली. दुसऱ्या दिवशी न सांगता आली.

बा, ती चांगली सांगते. पहिल्यांदा म्हणाली, समज एक जागा आहे, खालीवर, उंचसखल. तू तिथं उभी आहेस. एका वेळी एकाच दिशेला चालायचं, दुसरीकडे हलायचंच नाही, आणि पाहायचं की किती चढ लागला. त्याला पार्शल म्हणतात. मी म्हटलं, हे तर डोंग्यात बसून बांबू टोचत बांधाकडे, पारीकडे, सरळ जाण्यासारखं झालं. ती म्हणाली, हो, तसंच. मग एका जागेचं नाव सांगितलं, ते घोड्याच्या खोगिरावरून ठेवलेलं आहे. एकीकडून पाहिलं तर ती जागा सगळ्यात खाली, आणि दुसरीकडून पाहिलं तर तीच जागा सगळ्यात वर. मी घोड्यावर कधी बसले? मी म्हटलं, म्हशीच्या पाठीवर बसतो ती जागा नाही का, डोक्याकडे चढ, पुठ्ठ्याकडे चढ, आणि दोन्ही बाजूंनी पाय लोंबतात. तेव्हा ती इतकी हसली की शिंगाडा घशात अडकला आणि मला पाठीत थापट्या माराव्या लागल्या. त्या दिवसापासून घरात त्या जागेला म्हशीची जागाच म्हणतात. मुलगाही म्हणतो, त्याला काय ते माहीत नसताना.

खरं सांगू, बाकीचं पुष्कळ डोक्यावरून गेलं. मी मान हलवायची. पण एक दिवस असा आला की मी मान हलवली नाही. तिनं कोळशानं अंगणात गोल काढले, एकात एक, कापलेल्या कांद्यासारखे. म्हणाली, एका गोलावर सगळीकडे उंची सारखी. आणि हे पाहून मी हातातला शिंगाडा खाली ठेवला. कारण बा, हे गोल मी लावलेले आहेत. माझ्या हातांनी.

मला अजून दिसते, मी लहान आहे आणि तुझ्या बोडीचं पाणी पौषानंतर उतरायला लागते. दर बाजाराच्या दिवशी तू मला घेऊन जातोस आणि पाण्याच्या काठाकाठानं दगड ठेवायला लावतोस. पुढच्या बाजारापर्यंत पाणी आणखी आत गेलेलं असतं, की पुन्हा नवी रांग. वैशाखात पारीवर उभं राहिलं की बोडीच्या पोटात रांगाच रांगा दिसतात. लोक तुला हसतात, म्हणतात, हा ढिवर मासे सोडून दगडाची शेती करून राहिला. तू कोणाला उत्तर देत नाहीस. मला तेवढं सांगतोस, रांगा जवळजवळ आल्या तिथं एकदम खोल, रांगा दूरदूर गेल्या तिथं बायकांनी खुशाल उतरावं. आणि पुढच्या साली बोडी काठोकाठ भरलेली असताना तू डोंग्यात उभा राहून बांबू न बुडवता सांगतोस, इथं दोन पुरुष पाणी, इथं कमरेएवढं. बुडवून पाहिलं की तेवढंच निघतं. जाळं कुठं टाकायचं हे कोणी तुला शिकवलं नव्हतं. तू आटून खाली झालेली बोडी पाठ केली होतीस.

एकदा ऊन फार होतं, चिखलात पाय रुतत होते, म्हणून मी काठ सोडून आडवी चालले आणि दगड सरळ रेषेत ठेवून मोकळी झाले. तू पारीवरून पाहिलंस. ओरडला नाहीस. खाली उतरलास, त्या रांगेजवळ उभा राहिलास आणि म्हणालास, "काहो बाई, ह्या दगडाईनं पानी पाह्यलं तरी हाये का?" बाई म्हणालास, पोरीला! मी सगळे दगड उचलले आणि काठानं पुन्हा ठेवले, रडत रडत. त्या दिवशी भाजलेला पहिला मासा तू पानावर माझ्यापुढं ठेवलास. तो गरम होता, हे अजून बोटांना आठवते.

तर कोळशाच्या त्या गोलावर नातीनं बाण काढला, गोलाच्या कडेकडेनं, आणि म्हणाली, सगळ्यात उभी वाट ही अशी जाते. मी म्हटलं, नाही जात. ती म्हणाली, "आजी, हे गणित हाये. तुझी बोडी नाही."

"काहीही असू दे. रांगेवरून पानी चालत नाही, बाई. रांगेवर तर ते उभं राहिलेलं असते. उतरते तेव्हा रांग ओलांडूनच उतरते, सरळ, आडवं."

ती चिडून पुस्तक घेऊन आत गेली. मी सोलत राहिले. वाटलं, उगाच बोलले, आता उद्या येणार नाही. चहाच्या वेळी बाहेर आली ती तोंड पडलेलं घेऊन. पुस्तकात मी म्हटलं तसंच होतं. त्याला ग्रेडियंट म्हणतात, तो रांगेला काटकोनात असतो, चढाकडे तोंड करून, आणि पाणी त्याच्या उलट जाते. परीक्षेतही तिनं बाण कडेकडेनंच काढला होता, आणि त्याच्यावरचं पुढचं सगळं गणित चुकलं होतं. म्हणाली, मी सूत्र पाठ केलं होतं आजी, ते दिसलं नव्हतं मला कधी. मग तिनं विचारलं, तुला कोणी सांगितलं? तेव्हा मी तुझं सगळं सांगितलं, दगडांचं, बाजाराच्या दिवसांचं. सांडव्यावर जाळं कसं धरायचास तेही सांगितलं, पाण्याच्या समोर धरलं तर सगळं पाणी जाळ्यातून जाते, तिरपं धरलं तर थोडं, आणि पाण्याच्या बाजूनं धरलं तर काहीच नाही, नुसते हात दुखतात. ती म्हणाली, ह्याच्यावर आमचा अख्खा धडा आहे. तू अख्खा धडा होतास बा, आणि आम्हाला माहीत नव्हतं.

पण फॉर्मची शेवटची तारीख आली तरी मुलगा हो म्हणत नव्हता. त्याचं म्हणणं, पुन्हा नापास झाली तर पोरगी खचेल, आणि नर्सिंगचंही वर्ष जाईल. त्याला भीती होती, आणि बापाची भीती मला कळते. मी चार वेळा सांगून पाहिलं. तो "हो माय, पाहू" म्हणायचा आणि जाळं शिवत राहायचा. त्या सकाळी मी त्याच्यासमोर जाऊन बसले.

म्हटलं, "माझ्या बानं जाता जाता मले सांगितलं होतं. घरात कोनती पोरगी गणिताले लागली, तर तिले अडवाचं नाही, म्हने."

त्याचा हात थांबला. "आज्यानं असं म्हटलं होतं?"

"हो."

"मंग आतापरेंत काहून नाही सांगितलं?"

"आतापरेंत कोनी लागलीच नव्हती ना गणिताले."

त्यानं सुई खोचून ठेवली आणि पोरीला गाडीवर बसवून स्वतः फॉर्म भरायला घेऊन गेला. तिनं पेपर दिला. काल निकाल लागला, बा. पास झाली, आणि नुसती काठावर नाही. मुलगा बाजारात मासे तोलत होता, तिथंच फोन गेला. आता येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतो, आमच्या आज्याचा शब्द होता, तो पोरीनं खरा केला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. म्हाताऱ्या येऊन म्हणतात, तुझ्या बापाची नजर दूरची होती. तुझा एकही फोटो नाही, नाहीतर हार घातला असता. नातीनं नव्या वहीच्या पहिल्या पानावर तुझं ते वाक्य लिहिलं आहे, खाली रेघ मारून.

बा, तू असं काही म्हणाला नव्हतास. जाताना तू पाणी मागितलंस आणि माझ्या मुलाचं नाव घेतलंस, बस. माझी शाळा सुटली तेव्हाही तू काही बोलला नाहीस. एक दिवस सकाळी पाटीच्या जागी टोपली होती, आणि मी तुझ्यामागं निघाले. त्याचा राग काही वर्षं होता, मग कामात विरून गेला. ह्या घरात माझं म्हणणं कोणी टाकून देत नाही, पण पाहू म्हणतात. तुझ्या शब्दाला कोणी पाहू म्हणत नाही. म्हणून मी माझं म्हणणं तुझ्या तोंडी घातलं. नातीला खरं सांगावं असं सकाळपासून वाटते, आणि ते पहिलं पान पाहिलं की जीभ हलत नाही. नातीनं ही जुनी वही उघडायच्या आत ही पानं मी फाडून घेणार आहे.

तिसरीत गणितात माझा पहिला नंबर आला होता. तू बोडीवर होतास, संध्याकाळी आलास तेव्हा थकलेला दिसलास, म्हणून सांगितलं नाही.