खुंटीवरची रोटी

ताश्कंद

माझ्या आईस नूरमतचा आदराचा सलाम.

शुक्रवारी सकाळची नमाज आटोपून मी झाफरच्या दारी गेलो होतो. तू खुंटीवरून उतरवून दिलेली रोटी बरोबर नेली. घर सोडताना त्याने, आपल्या धाकट्याने, रीतीप्रमाणे तिचा एक घास घेतला होता. उरलेली परत येऊन खाईल, म्हणून तू ती इतकी वर्षं जपलीस.

तो धडधाकट आहे, काळजी नको. मोठी गाडी आहे. मला पाहून ड्रायव्हरला म्हणाला, "गावाकडचं कोणीतरी दिसतंय. मागायला येतात." मी रोटी पुढे केली. म्हटलं, "आई थकलीय रे." त्याने हात झटकला. रोटी बर्फात पडली.

तिथे झाडलोट करणाऱ्या शराफतबाई आहेत. त्यांनी झाडू टाकला, रोटी उचलून ओठांना नि कपाळाला लावली. म्हणाल्या, "साहेब, गाडीची काच पुसायला माणूस आहे, तुमच्या डोळ्यांवरची धूळ कोण पुसणार?"

शहरातलं एक तरी चांगलं दर पत्रात कळव, असं तू म्हणतेस. या खेपेला एवढंच सापडलं.

वीज जाते-येते, पण एका खोलीत आम्ही चौघं, त्यामुळे ऊब राहते. तुझा खोकला कसा आहे? जर्दाळूच्या खोडाला गवत गुंडाळलं का?

रोटी तुला परत पाठवावी की नाही, हे ठरत नव्हतं. आज ती चहात भिजवली, बिस्मिल्ला म्हटलं आणि शराफतबाईंबरोबर शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. त्या खुंटीला आता पिठाची चाळण अडकव.

तुझा थोरला,
नूरमत