बयाबाईच्या घरावरचा चिंचोका

करंजवाडी, ता. शाहूवाडी
१७ जानेवारी १९९९

चि. प्रीतीस,

बयाआत्तीचा जय भीम, अ. उ. आ. आणि लांबूनच एक धपाटा. वि. वि.

तुजं पत्र पावलं. मार्चनंतर तुजी संस्था आमच्या आठ गावांतनं जाणार, जीप बंद, तूबी बंद. बायकांचं आरोग्य मंडळ चालवायचं तर आमचं आम्हीच. वर लिवत्यास, मंडळ ठेवायचं का आणि कसं, ते बायकांनीच शोधून काढावं. म्हंजे खुर्चीवर तू आणि संशोधन आमी? झ्याक हाय की!

तरी केलं बघ. परवा रांगोळीनं सगळं गाव काढलं. सरपंच देवळापुढं काढा म्हणत हुते. मी म्हटलं, तितं आमच्या वस्तीतल्या बायका अवघडत्यात, शाळंच्या पटांगणात काढू. जी बाई दुखणं अंगावर काढती तिच्या घरावर एक चिंचोका ठेवायचा, असं ठरलं. पण कुणी जागची हलंना. आपल्याच घरावर कोण ठेवंल? मग मीच तोड काढली. आपल्या घरावर आपण ठेवायचा न्हाई, शेजारणीनं ठेवायचा, आणि ठेवलेला कुणी उचलायचा न्हाई. अगं, मग काय! एकमेकींची दुखणी सगळ्यांस्नी पाठ. माजी जाऊ धोंडुबाई तर पेरणीला निघाल्यागत चिंचोके टाकत हुती. शालन, म्हंजे तिची सून, आकडा लिवून घेत हुती.

वहीच्या जोडपानावर नकाशा उतरून धाडलाय. एक्केचाळीस चिंचोके. गावात धडधाकट फक्त पोलीस पाटलाची म्हस दिसती.

जेवत जा. तुज्या हाडांचा नकाशा काढायला रांगोळीबी लागायची न्हाई.

लोभ हाय तेवढाच ऱ्हाऊ दे, वाढला तर ठेवायला माज्या घरात जागा न्हाई.
तुजी आत्ती, बयाबाई


कोल्हापूर
२९ जानेवारी १९९९

ती. आत्तीस,

प्रीतीचा जय भीम व सा. न. वि. वि.

नकाशा ऑफिसच्या भिंतीवर लावलाय. येणारा-जाणारा थांबून बघतोय. बाकीच्या सात गावांनीही तुझाच शेजारणीचा नियम उचलला.

आता महत्त्वाचं. मलकापूरच्या डॉक्टरबाई दर गुरुवार मंडळाला द्यायला तयार आहेत. पण त्यांचं म्हणणं, जीप नसताना बायका येतील कशावरून? फेब्रुवारी संपायच्या आत एक तरी बाई आपली आपण, एस.टी.नं आली पाहिजे. नाही आली तर गुरुवार गेला आणि मंडळही गेलं असं समज. बायका का जात नाहीत, तेवढं बसून विचारशील का?

आणखी एक. तू एक्केचाळीस लिहिलंयस आणि नकाशावर ठिपके चाळीस. मी तीनदा मोजले. तुझ्या घरावर एकही नाही. गेल्या खेपेला घागर उतरताना तू भिंत धरलीस आणि बराच वेळ उभीच राहिलीस, ते मी पाहिलंय.

उत्तर दे. नुसती चेष्टा पाठवू नकोस.
तुझ्या मायेची हक्कदार, प्रीती


करंजवाडी
६ फेब्रुवारी १९९९

चि. प्रीतीस,

जय भीम, अ. उ. आ., वि. वि.

आठी गावच्या बायकांस्नी बसवून इचारलं. दवाखाना लांब हाय म्हणून कोण ऱ्हात न्हाई बघ. संगं कोण जाणार, तितं गाडी आडती. सासू संगं गेली तर ती डॉक्टरच्या आदी बोलती. शेजारीण गेली तर सांजच्याला पाणवठ्यावर समद्यांस्नी ठावं. मग खिंडीपलीकडच्या गावची बनाबाई म्हणाली की, सोबतीण दुसऱ्या गावची असावी. तिला ना आपली सासू ठावं, ना पाणवठा. आठी गावांनी मान हलवली. कुठल्या गावच्या बाईसंगं कुठल्या गावची जाणार, तेबी लिवून ठेवलंय.

पण गुरुवारी कोण गेलं न्हाई. परतेकजण म्हणती तू हो म्होरं. मी घसा बसंस्तोवर सांगितलं, तर नुसत्या माज्या तोंडाकडं बघत्यात. तोंडाला काय लागलंय का म्हणून मी पदरानं पुसूनबी घेतलं.

एक्केचाळीसचं म्हणशील तर माजी शाळा चौथीपत्तर, त्यात मास्तर गणिताला झोपायचा. आणि या वयात भिंत धरू नको तर काय धरू? नवरा धरायचा तर तो कवाच हात सोडून गेला.

राग धरू नगंस, धरलास तर पोळंल.
तुजी आत्ती


करंजवाडी
१४ फेब्रुवारी १९९९

चि. प्रीतीस,

धोंडुबाई काकीचा जय भीम. वि. वि. मी सांगत्ये, शालन लिवत्ये.

बयाच्या घरावर चिंचोका मी ठेवलावता. रांगोळी सरळ करायचं निमित्त करून ती वाकली, चिंचोका उचलला आणि तोंडात टाकला. समद्या बायकांच्या देखत कडाकडा खाल्ला. भाजलेला हुता म्हणून दात वाचलं. शालनच्या कागदावर तो आदीच लिवून झालावता.

तीन वरसं झाली, तिचं अंग, म्हंजे पिशवी, बाहेर येतंय. कापड बांधून शेतात भांगलणीला जाती. कुणाला कळत न्हाई असं तिला वाटतंय. आता ती बायकांस्नी दवाखान्यात जा म्हणती, तवा बायका तिच्याकडंच बघत बसत्यात. ती उठली तर समद्या उठतील.

माजं नाव सांगू नगंस. ती बोलायची बंद झाली तर मला दिवसभर शिव्या कोण देईल?

तुजी काकी, धोंडुबाई


कोल्हापूर
१७ फेब्रुवारी १९९९

ती. आत्तीस,

जय भीम, सा. न. वि. वि.

आज थोडंच लिहिते. माझ्या आईनं दुखणं सांगितलं तेव्हा सांगायला आठच दिवस उरले होते. मी हे काम का धरलं ते तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

शेजारणीनं ठेवलेला चिंचोका उचलायचा नाही, हा नियम तूच केलास. २५ तारखेला शेवटचा गुरुवार आहे. मंडळ राहिलं नाही तर मी दुसरं काम बघेन. तू राहिली नाहीस तर कुणाकडं बघू?

प्रीती


करंजवाडी
२७ फेब्रुवारी १९९९

चि. प्रीतीस,

बयाआत्तीचा जय भीम, अ. उ. आ., वि. वि.

रडवलंस की गं मला, आणि तेबी पोस्टमनच्या म्होरं.

गेलते. बनाबाई फाट्यावर उभी हुती. एस.टी.त एका पावण्यानं इचारलं, म्हाताऱ्या कुठं निघाल्यासा. बनाबाई पटदिशी म्हणाली, स्थळ बघायला. पावण्यानं इचारलं, कुणासाठी. मी म्हटलं, मलाच. पावणा मलकापूर येईस्तोवर खिडकीबाहेर बघत बसला.

दवाखान्याच्या दारात मातर माजं पाय उचलंनात. तितं चेष्टा सुचंना. बनाबाईनं नुसता हात धरला. तीन वरसांत ज्ये कुणाला बोलले न्हाई, त्ये त्या परक्या बाईच्या देखत डॉक्टरबाईला सांगितलं. पिशवीचं ऑपरेशन करायचं म्हणाल्या, भ्यायचं काय न्हाई म्हणाल्या. एप्रिलात कोल्हापूरला येत्ये, तुज्या खाटंवर मी, खाली तू.

गुरुवार मंडळाला मिळाला. काल बायका जमल्या तवा मी समद्यांच्या म्होरं सांगितलं की, माजं अंग बाहेर येतंय आणि मी दावून आले. मग सहाजणींनी सोबतीण मागितली. चार तारखेला बनाबाईच्या गावच्या एकीसंगं मी जाणार हाय.

धोंडुबाईनं तुला लिवलं त्ये मला त्याच दिशी कळालं. पाकीट चिकटवायला शालन माज्याकडनंच भात घिऊन गेली. चार दिस अबोला धरणार हुते. पण दवाखान्यातनं आले तर माजी चूल पेटलेली, पाणी तापलेलं, आणि ती उंबऱ्यावर रडत बसलेली. दोन शिव्या दिल्या, तवा गप झाली.

पाकिटात एक चिंचोका हाय. त्या भिंतीवरच्या नकाशात माज्या घरावर चिकटव. कच्चा धाडलाय, कुणाला खाता यायचा न्हाई.

लोभ आता वाढला तरी चालंल, जागा करत्ये.
तुजी आत्ती, बयाबाई