रबरी रिंगचं कार्ड

३ मार्च, सोमवार

रंगारी आला! तसा तो मुख्य ऑफिसातला मोठा साहेब, पण आल्या आल्या फॅक्टरीची सगळी जमीन पिवळ्या पट्ट्यांनी आखून काढली, म्हणून सगळे त्याला रंगारीच म्हणतात. भिंतीवर झाडू टांगायच्या जागी झाडूचं चित्रसुद्धा काढलंय. झाडू जागेवर नसला की लांबून दिसावं म्हणे!

आजपासून पंपाच्या लाइनीवर प्रत्येक सुट्या भागाचे दोनच डबे. एक रिकामा झाला की त्याचं कार्ड बोर्डावर लटकवायचं. संध्याकाळी मी ती कार्डं टेम्पोवाल्याला द्यायची. दुसऱ्या दिवशी तो कार्डांइतकाच माल आणून थेट लाइनीवर ठेवणार. चिठ्ठी नाही, फोन नाही, स्टोअरसुद्धा नाही. बोर्ड माझ्याकडे दिलाय. "ताई, तुमचं काम नीटनेटकं असतं," असं रंगारी म्हणाला.

चार आठवड्यांत लाइन एकदाही थांबली नाही तर स्टोअर बंद. स्टोअरमध्ये सहा माणसं. त्यातले एक आमचे हे.

४ मार्च

यांना सांगितलं. "बघू," म्हणाले. लग्नाला बावीस वर्षं झाली, दुसरा शब्द नाही या माणसाकडे!

११ मार्च, मंगळवार

बोर्ड चोख चालतोय. मीच चालवतेय! कार्ड लटकलं की हात आपोआप जातो. गबाळं काम मला जमतच नाही, काय करू?

जेवणाच्या सुट्टीत स्टोअरमधल्या अण्णांनी गाठलं. "वहिनी, पुठ्ठ्याचा तुकडा तो. एखादा हरवतोच की माणसाकडून." मी डब्याचं झाकण लावलं. हे शेजारीच जेवत होते. मान वर केली नाही.

१६ मार्च, रविवार

पन्नाशी उलटली यांची. कुठला बोल्ट कुठल्या फळीवर, डोळे मिटून सांगतील. पण दुसऱ्या फॅक्टरीत त्याचं कोणाला काय?

दुपारी स्वयंपाकघरात गेले आणि सगळे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले. मला काहीच सापडेना. रागवायला तोंड उघडलं आणि रडूच आलं.

१९ मार्च, बुधवार

केलं!

रबरी रिंगचं कार्ड बोर्डावरून काढलं, पिशवीत रुमालाखाली टाकलं. टेम्पोवाल्याला बाकीची दिली. रिंगशिवाय पंपाचं झाकण बसवता येत नाही. उरलेला डबा शुक्रवारी दुपारी संपेल, लाइन थांबेल, रंगारी आपले डबे-ब्रश घेऊन जाईल. पकडले गेले तर माझी नोकरी जाईल. जाऊ दे. मला पन्नास कामं मिळतील, यांना नाही मिळायचं.

२० मार्च

ताट तसंच बाजूला सारलं. "बरं नाही का?" — हे. डोकं दुखतंय, मी म्हणाले.

२१ मार्च, शुक्रवार

दोनच्या सुमाराला डबा रिकामा झाला. लाइनीवरच्या फिटरने आत हात घातला, तळ चाचपला. आणि त्या शहाण्याने बाकाखालून रिंगांचं भरलेलं पाकीट काढलं! लाइन एक मिनिटसुद्धा थांबली नाही.

लाइनीवर माल दडवून ठेवायचा नाही, हा रंगारीचा पहिला नियम. पण मी कोणत्या तोंडाने तक्रार करू? जन्मात एकदा चोरी केली, तीही पाण्यात गेली. संध्याकाळी मुकाट्याने कार्ड टेम्पोवाल्याला दिलं. पुन्हा करायची हिंमत नाही. फिटरशी बोलणं बंद!

२९ मार्च, शनिवार

संपलं. रंगारीने सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मला एक पेन दिलं. स्टोअरच्या सहा जणांना शेवटच्या हिशेबाचं एकेक पाकीट. अण्णांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आम्ही दोघं चालतच घरी आलो. वाटेत हे म्हणाले, "पेन चांगलं आहे."

लिहितेय त्यानेच. दुसरं कालच संपलं.

३ एप्रिल, गुरुवार

हे सकाळी माझ्याबरोबरच बाहेर पडतात. मी कामावर, हे काम शोधायला. आज तीन ठिकाणी वय विचारलं. पुढे काही विचारलंच नाही. घरी येऊन इस्त्रीचा शर्ट काढून परत घडी घालून ठेवला, उद्यासाठी.

मला वाटतं, नाही मिळायचं. हे कोणाजवळ बोलता येत नाही.

८ एप्रिल, मंगळवार

आज राहवलं नाही. फिटरला अडवलंच. "त्या दिवशी रिंगा दडवून ठेवायचं तुला काय अडलं होतं?"

त्याने हातातला पाना खाली ठेवला. "मी कशाला ठेवू, ताई? तुमच्या मिस्टरांनीच आणून दिलं की पाकीट, आदल्या दिवशी. स्टोअरच्या जुन्या मालातलं. म्हणाले, तिच्या पिशवीत कार्ड दिसलं, लाइन थांबली तर तिची नोकरी जाईल. तिला कळू देऊ नकोस."

लाइन थांबली असती तर यांची नोकरी राहिली असती. ते त्यांना तेव्हाही माहीत होतं.