‘वारझेल’ची अट

प्रिय भिडू,

तुझं पत्र मिळालं. पुस्तक निघतंय, अभिनंदन. रविवारच्या आपल्या फाशांच्या खेळासाठी घरी बसून रचलेल्या लढाईच्या शक्ती आता त्या पुस्तकातून अनोळखी लोक खेळणार. त्यात ‘वारझेल’ छापायची परवानगी मागितली आहेस, तीही किती गोड शब्दांत! साहेबांकडे रजा मागतानाही तू असाच विरघळायचास. छाप, माझी हरकत नाही.

वारझेल मी तुझ्यासाठीच रचली होती. खेळातला तुझा जादूगार पहिल्याच फेरीत मरायचा आणि तू तोंड पाडून बसायचास. म्हणून माझ्या योद्ध्याला मी शक्ती दिली, सोबत्यावरचा वार आपल्या अंगावर घ्यायची. अट एकच होती, वाचलेल्या सोबत्याची पुढची खेळी जाईल. कुणी फुकट वाचलं की सावध राहायचं सोडून देतं, असं माझं म्हणणं. चार रविवार तू माझं डोकं खाल्लंस, वाचलेल्याला शिक्षा कशाला म्हणून. शेवटी मी अट खोडली. मग तुझा जादूगार खुशाल राक्षसांच्या घोळक्यात घुसायला लागला आणि माझा योद्धा दर वेळी आडवा. आपण पोट धरून हसायचो. मलाही मजा यायची, खोटं कशाला बोलू?

आणि मग ती लिफ्टची तपासणी. त्या इमारतीत ‘ब्रेक मी बघतो’ असं म्हणून तू वर गेलास आणि न बघताच खाली आलास. तपासणीच्या कागदावर सह्या दोघांच्या. लिफ्ट दोन मजले कोसळली, आत असलेल्या शिक्षिका बाईंचा पाय कायमचा गेला. तुझं बाळ आठवड्याचं होतं, म्हणून ब्रेक माझ्याकडे होता असं मीच साहेबांना सांगितलं. तू शेजारी उभा राहून बुटांकडे बघत होतास. वर्ष झालं, नोकरी जाऊन मी घरी बसलोय. तू सुपरवायझर झालास. माझ्या दारात एकदाही फिरकला नाहीस, याचा मला फार राग आहे.

तरी गप्पच राहिलो असतो. पण परवा आपला वायरमन भेटला. तू अजूनही ब्रेक न बघता सह्या ठोकतोस, असं तो म्हणाला. दोन रात्री झोप नाही लागली. बाईंचा पाय तू मोडलास, पण गप्प राहून पुढच्या माणसाचा मीही मोडणार होतो. आज सकाळी कंपनीत जाऊन सगळं खरं लिहून दिलं. उद्या साहेब तुला बोलावतील. या वेळी एकटाच जा.

तुझाच, आजच्यापुरता,
जाड्या